मदत हवी आहे: सशाच्या नाकावर, कानांवर खपल्या, कुत्र्याचं औषध चालेल का?

ससेवाली_पुणे
नमस्कार मंडळी. फ्लॅटमध्ये दोन ससे आहेत, दोन्ही माद्या. थोरलीच्या नाकाच्या कडेला आणि कानांच्या टोकांवर राखाडी, खडबडीत खपल्या धरल्यात. सारखी खाजवते. खाणं आणि लेंड्या नेहमीसारख्या. धाकटीला काही दिसत नाही, पण माझ्या मनगटांवर लाल पुरळ उठलंय.

घरात कुत्र्याच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिल (गोचीड-पिसवांचं औषध) आहे. दुकानदार म्हणाला, "दोन थेंब टाका, काही होत नाही." सासूबाई म्हणतात करंजाचं तेल चोळ. जवळचे डॉक्टर कुत्री-मांजरंच बघतात. काय करू?

माळावरचा
फिप्रोनिल अजिबात नको! सशांना त्याने झटके येतात, जीवही जातो. पाकिटावर बारीक अक्षरात सशांना वापरू नये असं लिहिलेलं असतं, दुकानदाराने वाचलं नसेल. गोचीड-पिसवांच्या पावडरी आणि कुत्र्यांचे पट्टेही लांब ठेवा.

गवतकाडी
नाक आणि कानांच्या कडा म्हटल्यावर खरूज वाटते, म्हणजे त्वचेत शिरणारे माइट्स (बारीक किडे). कानाच्या आत तपकिरी पापुद्रे साचले तर ते कानातले माइट्स, आणि पाठीवर कोंडा हलताना दिसला तर केसांतले. पण हा अंदाज झाला. डॉक्टर खपलीखालची त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा नक्की कळतं.

उपचार बहुतेक आयव्हरमेक्टिन (हे किडे मारणारं औषध), कातडीखाली इंजेक्शन. प्रमाण किलोला साधारण ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम. गुरांसाठीच्या १ टक्का बाटलीत एका मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे दीड किलोच्या सशाला ०.०३ ते ०.०६ मिलिलीटर. एवढंसं औषध अंदाजाने भरायला गेलं की दहापट जायला वेळ लागत नाही, म्हणून घरी नकोच. किड्यांच्या अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून १० ते १४ दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं, सहसा दोन-तीन वेळा. खपल्या पडल्या म्हणून मधेच सोडू नका. सेलामेक्टिनचे थेंबही डॉक्टर सशांना देतात, तेही विचारा.

खपल्या ओढून काढू नका, खाली कच्चं मांस असतं. औषध लागू पडलं की आपोआप गळतात. तेल ती चाटणार, शिवाय केस चिकट होणार. आंघोळ तर नाहीच, ससा गारठतो, घाबरून दगावूही शकतो. दवाखान्यात उपाशी नेऊ नका (सशाला उलटी होत नाही, म्हणून पोट रिकामं ठेवायची गरज नसते), गवत सोबत घ्या. अर्धा दिवस तोंडाला काही लावलं नाही, तर त्याच दिवशी पळा.

जवळ कोणी तयार नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारून बघा.

ससेवाली_पुणे
बाप रे, फिप्रोनिल कपाटात बंद केलं. धाकटीला वेगळं ठेवू का? आणि माझं पुरळ?

गवतकाडी
वेगळं करून उपयोग नाही, तिला लागण झालेलीच असणार. दोघींना एकदमच औषध द्या, जोडी फोडली की उगाच खाणं सोडतात. पुरळ बहुधा त्यांचंच देणं आहे. हे किडे माणसावर फार टिकत नाहीत, ससे बरे झाले की जातं. वाढलं तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि घरात ससे आहेत हे आवर्जून सांगा. पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. चटया, कापडं उकळा. लाकडी घरटं असेल तर टाकून द्या.

माळावरचा
पुढच्यासाठी: पावसाळ्यात शेपटीखालचा भाग रोज बघत जा. तिथे शी चिकटली किंवा ओल राहिली की माश्या अंडी घालतात आणि दिवसाभरात अळ्या मांस खायला लागतात. अळ्या दिसल्या तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा. लेंड्याही रोज उचला. कॉक्सिडियाची (पोटातल्या सूक्ष्म परजीवींची) अंडी लेंडीतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला साधारण एक-दोन दिवस लागतात, त्याआधी काढली की साखळी तुटते. पिल्लांना हे फार बाधतं. रस्त्याकडेचं, कुत्री फिरतात तिथलं गवत आणू नका. आणि कुत्र्यांसारखं दर तीन महिन्यांनी जंताचं औषध देत बसू नका, लेंडी तपासून गरज असेल तरच.

ससेवाली_पुणे
उद्या संध्याकाळची वेळ मिळाली. डॉक्टर फोनवर म्हणाले, दोघींचं वजन करून आणा. स्वयंपाकघरातला काटा चालेल ना?

गवतकाडी
चालेल, वर टोपली ठेवून शून्य करा. नाहीतर थोरली बसणार नाही.