पंचगंगेतल्या माशांवरचे जिवाणू तपासावेत का?

काठावरचा: तेरवाड बंधाऱ्याला मासे मेल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. पाण्याचे नमुने घेईपर्यंत घाण पुढं निघून गेलेली असते. मग मासा मरायची वाट कशाला बघायची? माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत, आतड्यात जिवाणूंची वस्ती असते. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू असतो, तो बी-१२ जीवनसत्त्व तयार करतो. मासा ताणाखाली आला की वस्ती विस्कटते, एरोमोनाससारखे संधिसाधू जिवाणू डोकं वर काढू शकतात. अंगावरून कापसाचा बोळा फिरवायचा आणि मासा परत पाण्यात सोडायचा. बोळ्यावरच्या जिवाणूंचं १६एस जनुक (जिवाणूची ओळख पटवणारं) वाचलं की कोण कोण राहतंय ते कळतं. प्रयाग चिखली ते नृसिंहवाडी, म्हणजे नदीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत, हे सुरू करावं, असं माझं मत.

शुक्रवार पेठ: नदी कशानं नासली हे शाळेतलं पोरगंही सांगेल. जयंती नाला, कारखान्यांची मळी, इचलकरंजीचं रंगीत पाणी. दुखणं माहीत असताना तपासण्या वाढवायच्या, म्हणजे औषध न देता रोज ताप बघत बसायचं.

जाळंवाला: आमच्या घरात मासेमारीच हाय. मळीचं पाणी आलं की रातोरात प्राणवायू संपतो. पहाटे मासं वर येऊन आ वासत्यात, उजाडेस्तोवर खेळ खलास. मरळ तेवढी तगती, ती वरची हवा घेती. हितं तुमचा बोळा काय करणार?

काठावरचा: रातोरात मरतात त्यांच्यासाठी काहीच नाही, मान्य. पण तगलेली मरळच तर मला हवी! सांडपाण्यात महिनोन्‌महिने जगणाऱ्या माशाचं काय होतंय, हे प्राणवायूच्या आकड्यात दिसत नाही.

सूक्ष्मदर्शी: मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. कल्पना चांगली, पण दावा जरा जास्त होतोय. ही वस्ती माशाच्या जातीनुसार, खाण्यानुसार, पाण्याच्या तापमानानुसार बदलते. मे महिन्यातली मरळ आणि ऑगस्टमधला कटला यांची तुलना करून काहीही सिद्ध होणार नाही. शिवाय १६एसमध्ये फक्त जिवाणू दिसतात. १९८८ मध्ये भारतात आलेला माशांचा व्रणरोग बुरशीसारख्या ॲफॅनोमायसिसमुळे होतो. मरळीला तो फार छळतो. तुमच्या तपासणीत तो सापडणारच नाही. करायचंच तर एकच जात, एकच आठवडा, चिखलीच्या वरचे मासे आणि तेरवाडचे मासे, आणि सोबत प्राणवायूही मोजा.

शुक्रवार पेठ: आणि २०१९ सारखा महापूर आला की? सगळी नदीच एक होते. तुमचा वरचा मासा खाली, मग कसली तुलना.

सूक्ष्मदर्शी: म्हणून पूर ओसरल्यावर नव्यानं सुरुवात, आणि दर वर्षी. एकदाच केलं तर पैसे पाण्यात, तेवढं तुमचं बरोबर.

जाळंवाला: मरळ मी देतो. पण बंधाऱ्याचं बरगं, म्हंजी पाणी अडवायच्या फळ्या, काढायच्या आधी या, नंतर पाणी पळतंय. आणि काय सापडलं ते आमास्नी आधी सांगा. गिऱ्हाईक रोज इचारतंय, मासा खायचा का न्हाई म्हणून.

शुक्रवार पेठ: त्याचं उत्तर बोळ्यात नाही, भावा.