टर्बोचा एअर फिल्टर निसटण्याबद्दल: आधी आतलं तेल पुसा
टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पाइपवरून एअर फिल्टर निसटतो, त्यावर "होज क्लिप (रबरावर आवळायची धातूची पट्टी) अजून आवळा" असं वर कोणीतरी सुचवलंय, ते मला पटत नाही. बूस्टने, म्हणजे टर्बोने तयार केलेल्या हवेच्या दाबाने, फिल्टर उडतो हेही नाही, कारण टर्बोच्या आधी दाब नसतो, ओढ असते. माझा फिल्टर दोनदा निसटला. दोन्ही वेळा फिल्टरच्या रबरी गळ्याच्या आत तेलाचा चिकट, पातळ थर होता, कारण ब्रीदरची (इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणारी) नळी तिथेच जोडलेली. वर इंजिनाची थरथर, मग तेलकट रबर सरकणारच.

ब्रेक क्लीनरने (तेल काढणाऱ्या स्प्रेने) पाइप कोरडा केला, टोकाला वेल्डिंगची बारीक कड काढून क्लिप तिच्या मागे बसवली आणि फिल्टरला इंजिनावरूनच पट्टीचा आधार दिला. चेसिसवरून (गाडीच्या सांगाड्यावरून) देऊ नका, दोघं वेगवेगळे हलतात. फिल्टर निसटला की धूळ थेट आत जाते; टर्बोमधलं हवा दाबणारं कॉम्प्रेसरचं चाक मिनिटाला १ लाखाहून जास्त फेरे घेतं, तिथे वाळूचा कणसुद्धा पात्यांची धार खातो.