सोसायटीचं जुनं याहू खातं

(शामरावनगर, सांगली. सोसायटीचा ग्रुप, जुलैमधला शनिवार.)

शिंदे (३०२): नमस्कार. काल रात्री सोसायटीच्या जुन्या याहू पत्त्यावरून मेल आलाय. "मेंटेनन्सचं खातं बदललं आहे, सोबतच्या क्यूआरवर भरा, महिनाअखेर भरल्यास दंड माफ." आमच्या वडिलांनी फोन हातात घेतला होता भरायला. मी शेजारीच बसलो होतो म्हणून वाचले पैसे. हे खातं बंद करा असं मागच्या एजीएमला बोललो होतो. मिनिट्समध्ये लिहिलंय का तेवढं बघा.

मगदूम (४०१): मला पण आलाय. दंड माफ म्हणल्यावरच वळखलं, आपली सोसायटी न्हवं ही 😂

भोसले (२०१): आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी सकाळी ७ वाजता २२ फूट. कोयना धरणातून विसर्ग वाढणार असं म्हणतायत. पार्किंगमधल्या गाड्यांचं बघून घ्या.

पाटील सेक्रेटरी (२०४): सर्व सभासदांना विनंती, त्या क्यूआरवर कोणीही पैसे भरू नयेत. आपलं बँक खातं बदललेलं नाही. चुकून कोणी भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. ते जुनं खातं मी आजच डिलीट करतो. विषय संपला.

कुलकर्णी काकू (१०३): कॉमन मीटरचं महावितरणचं बिल त्याच मेलवर येतं. खातं बंद झाल्यावर बिल कुठं येणार?

पाटील सेक्रेटरी: देशपांडे काका, पासवर्ड तुमच्याकडे आहे. कृपया पाठवा.

पाटील सेक्रेटरी: काका??

मगदूम: काका पूजेत असतील. नऊच्या आत त्यांचा फोन उचलला जात न्हाई, २०१९ च्या पुरात पण उचलला न्हवता.

देशपांडे (१०१): सुप्रभात. सदर खाते मी २००८ साली सोसायटीच्या नोंदणीच्या वेळी काढले. तेव्हापासून दर संकष्टीला उघडून पाहतो, म्हणून ते आजवर जिवंत आहे. कार्यभार सोपवताना फायली, शिक्के आणि कपाटाची किल्ली दिली, त्याची पोच माझ्याकडे आहे. पासवर्ड कोणी मागितला नाही.

पाटील सेक्रेटरी: काका, मागायला कशाला पाहिजे? सेक्रेटरी बदलला की द्यायचाच असतो.

देशपांडे: न मागता काही सांगितलं की "माजी लोक ढवळाढवळ करतात" असं याच ग्रुपवर लिहिलं गेलं होतं. रंगकामाच्या वेळी. स्क्रीनशॉट आहे.

शिंदे: रंगकाम राहू द्या हो. माझ्या वडिलांचे पैसे गेले असते.

मगदूम: रंग बी गेलाच की 😂 पश्चिमेच्या भिंतीला पोपडे आलेत बगा.

पाटील सेक्रेटरी: मगदूम, त्या भिंतीला ओल तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांमुळे आहे. तीन पत्रं दिलीत.

कुलकर्णी काकू: कॉमन मीटरचं बिल त्याच मेलवर येतं. खातं बंद झाल्यावर बिल कुठं येणार?

चौगुले मॅडम (३०१): सगळे जरा थांबा. पाटील, डिलीट आज करू नका. शिंदे, तुम्हाला आलेला मेल उघडा, वर पाठवणाऱ्याच्या नावावर टॅप करा. पूर्ण पत्ता आपलाच आहे की एखादं अक्षर इकडेतिकडे? आणि "उत्तर द्या" दाबल्यावर वरती कोणता पत्ता येतो तेही सांगा. मेल पाठवू नका, नुसतं बघा.

शिंदे: पत्ता आपलाच. पण उत्तर द्या म्हटलं की दुसराच येतोय. आपल्यासारखाच दिसतो, शेवटी एक आकडा जास्त आहे आणि जीमेलचा आहे.

चौगुले मॅडम: मग आत कोणीतरी शिरलंय असंच धरून चाला. अशा वेळी तो माणूस सेटिंगमध्ये जाऊन उत्तराचा पत्ता बदलतो. तुम्ही "खरंच खातं बदललं का?" विचारलंत तरी ते आपल्याला न येता त्याला जातं, आणि तोच "होय" म्हणतो.

चौगुले मॅडम: आता डिलीट का नको ते सांगते. याहूचं खातं बंद केलं तरी ते त्याच दिवशी पुसलं जात नाही. भारतात काढलेल्या खात्याला ९० दिवस ठेवतात. त्या मुदतीत पासवर्ड टाकून कोणी आत आलं की खातं पुन्हा चालू. म्हणजे आपण बंद करून निवांत बसायचं आणि ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो दुसऱ्या दिवशी उघडून बसणार. आधी पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा, उत्तराचा पत्ता आणि फिल्टर तपासा. बंद करणं सगळ्यात शेवटी.

देशपांडे: हा संदेश हटवला गेला आहे

पाटील सेक्रेटरी: काका!! ग्रुपवर नाही टाकायचा!

मगदूम: वाचला मी. काका, गच्चीच्या कुलपाचा नंबर बी त्योच हाय की.

देशपांडे: मॅडमनी पासवर्ड बदला म्हटलं म्हणून जुना टाकला. जुन्याचं काय एवढं?

चौगुले मॅडम: अजून बदललेला नाही ना काका. तोपर्यंत तोच चालू आहे. लॅपटॉपवर बसून आत्ता बदला, आणि नवीन वहीत लिहा, ग्रुपवर नको. २००८ पासून एकच होता का?

देशपांडे: होय. अत्यंत सुरक्षित होता.

चौगुले मॅडम: याहूची २०१३ साली चोरी झाली त्यात तेव्हाची सगळीच्या सगळी खाती होती, ३०० कोटी. कंपनीने पूर्ण आकडा कबूल केला तोही २०१७ ला. त्याआधीचा पासवर्ड तसाच ठेवणं म्हणजे सरळ आमंत्रण. तुम्हाला दोष देत नाही, निम्म्या सांगलीचं हेच आहे.

गुरव (४०३): मी याहू कस्टमर केअरचा नंबर शोधलाय, फोनवर बंद करून देतात म्हणे. मोबाईल नंबर आहे, पाठवू का?

चौगुले मॅडम: नको!! गुरव भाऊ, त्या नंबरवर फोन करू नका, कोणाला पाठवूही नका. असे नंबर फसवणारेच लावून ठेवतात. आधी गोड बोलतात, मग स्क्रीन दाखवायचं ॲप टाकायला लावतात. खातं बंद करायला कोणाला फोन लागत नाही, आत जाऊन आपणच करायचं असतं.

गुरव: बरं झालं विचारलं.

कुलकर्णी काकू: मी तिसऱ्यांदा लिहितेय. लिफ्ट आणि पंपाचं बिल त्या मेलवर येतं. गो-ग्रीन घेतल्यापासून कागद येत नाही. वाचतंय का कोणी?

पाटील सेक्रेटरी: काकू, एसएमएस येतो की.

कुलकर्णी काकू: कोणाच्या नंबरवर?

पाटील सेक्रेटरी: देशपांडे काकांच्या असेल.

देशपांडे: माझ्या नाही. ओंकारच्या जुन्या नंबरवर होता. खात्यालाही तोच दिला आहे.

ओंकार देशपांडे (पुणे): बाबा, तो नंबर कॉलेजला असतानाचा. नोकरी लागल्यावर बंद केला.

चौगुले मॅडम: हे मेलपेक्षा वाईट. बंद झालेला मोबाईल नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे आपल्या खात्याचा पासवर्ड विसरल्याचा ओटीपी आज कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजत असेल. काका, पासवर्ड बदलताना तो नंबर आधी काढा.

देशपांडे: काढतो. चष्मा शोधतोय.

भोसले: आयर्विन ११ वाजता २३ फूट.

मगदूम: भोसले, धोका ४५ ला असतोय. तुमचं रोज २२ पासूनच चालू हुतंय.

भोसले: २०१९ ला पण सगळे असंच म्हणत होते. ५७ च्या वर गेलं तेव्हा तुमची बुलेट कोणी वर चढवली?

मगदूम: तुम्हीच. आभारी हाय. दरसाल म्हणतोय.

चौगुले मॅडम: काकूंचा मुद्दा बाजूला पडतोय आणि खरा मुद्दा तोच आहे. हा पत्ता आपण कुठं कुठं दिलाय? महावितरण आहेच. सोसायटीचा पॅन, टॅन, आयकर पोर्टल, बँक, उपनिबंधक कार्यालय, ऑडिटर, लिफ्टची देखभाल, पाण्याच्या टाक्यांवाला. एकेक ठिकाणी नवीन पत्ता घालून, तिकडून एखादा मेल किंवा ओटीपी नव्यावर आलेला बघून मगच पुढं. माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्यांत दर जुलैला दोघंचौघं असे असतात, पोर्टलला रेडिफचा नाहीतर जुन्या कंपनीचा मेल, उघडत नाही, आणि तारीख जवळ आलेली.

पाटील सेक्रेटरी: एवढं करायला महिना जाईल मॅडम.

चौगुले मॅडम: जाऊ दे. बँकेत तर ठराव आणि दोघांच्या सह्या लागतील. आणि विसरलेलं सगळं आपोआप वर येत नाही. वर्षातून एकदाच मेल करणारे असतात, विमा, ऑडिट वगैरे. त्यासाठी जुन्या मेलमध्ये "बिल", "पावती", "नोंदणी", "ओटीपी" असे शब्द टाकून शोधा. इंग्रजीतूनही शोधा.

शिंदे: पण तोपर्यंत खातं चालू ठेवायचं? मग माझा मुद्दा काय राहिला? मी बंद करा म्हणतोय.

चौगुले मॅडम: तुमचा मुद्दा बरोबर आहे शिंदे, घाई चुकीची आहे. याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले पत्ते दुसऱ्यांना देऊन टाकले होते. आपला पत्ता पुढंमागं असा कोणाच्या हातात गेला आणि महावितरणला किंवा बँकेला तोच नोंदलेला राहिला, तर "पासवर्ड विसरलो" म्हटल्यावर चावी त्या माणसाच्या दारात. जीमेलमध्ये पुसलेला पत्ता परत कोणाला मिळत नाही, तेवढं तरी बरं.

पाटील सेक्रेटरी: म्हणूनच मी सोसायटीचं नवीन जीमेल काढलंय. सगळ्यांना कळवलं होतं मार्चमध्ये.

देशपांडे: पासवर्ड बदलला. जुना नंबर काढला. उत्तराचा पत्ता खरोखरच परका होता, तोही काढला. आता एक विचारतो. पाटील, तुमच्या नवीन जीमेलला मोबाईल नंबर कोणाचा दिलाय?

पाटील सेक्रेटरी: माझा.

देशपांडे: उद्या तुमची बदली झाली तर?

मगदूम: 🙊

पाटील सेक्रेटरी: मी पासवर्ड देऊन जाईन काका. पूजा आटोपायची वाट न बघता.

देशपांडे: तेच मीही म्हणालो असतो २००८ साली.

चौगुले मॅडम: दोघांचंही पुरे. नवीन खात्याला सोसायटीचं स्वतःचं सिम घ्या, महिन्याचं रिचार्ज खर्चात टाका. पासवर्ड बंद पाकिटात, चेअरमन आणि खजिनदाराची सही मारून बँकेच्या कागदांबरोबर. कमिटी पाच वर्षांनी बदलते, पत्ता बदलायला नको. आणि अधूनमधून उघडत राहा, गूगल दोन वर्षं हात न लागलेली वैयक्तिक खाती पुसतं.

खजिनदार बिरनाळे (२०२): सिमचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकू? मागच्या ऑडिटला झाडूच्या पावतीवरून ऐकून घेतलंय मी.

ओंकार देशपांडे: एक राहिलं. पुरात ऑफिसचं कपाट बुडालं तेव्हा शेअर सर्टिफिकेटं, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), नकाशे, सगळ्याच्या स्कॅन त्या याहूत होत्या. बाबांनी २०१२ ला करून ठेवलेल्या. पंचनाम्याचे फोटोही तिथंच आहेत. ते आधी उतरवून घ्या.

भोसले: बरोबर. माझं सर्टिफिकेट तिथूनच निघालं होतं. काकांनी त्या वेळी रात्री अकराला प्रिंट आणून दिली होती, चिखलातून.

देशपांडे: त्याचं कोणी नाव काढत नाही. असो.

पाटील सेक्रेटरी: काका, त्याबद्दल सोसायटी तुमची ऋणी आहे. इतिवृत्तात आहे ते.

ओंकार देशपांडे: लॅपटॉपवर थंडरबर्ड टाका, मेल बघायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. याहू जोडलं की सगळ्या मेल दिसतील. पण नुसत्या दिसतात म्हणजे उतरल्या असं नाही. खातं पुसलं की तिथूनही जातील. डाव्या बाजूला "लोकल फोल्डर्स" असतं, त्यात फोल्डर करून मेल कॉपी करायच्या. मग इंटरनेट बंद करून एखादी जोडलेली फाइल उघडून बघा. नकाशा उघडला तर झालं. दोन पेनड्राइव्हवर घ्या, एक वरच्या मजल्यावर ठेवा.

मगदूम: वरच्या मजल्यावर म्हणजे माझ्याकडं. कुंड्यांच्या शेजारी ठेवतो 😂

शिंदे: आणि या महिन्याभरात लोकांनी जुन्यावरच मेल केले तर?

चौगुले मॅडम: आपोआप पुढं पाठवायची सोय याहूने फुकटच्या खात्यात २०२१ पासून बंद केली. पण सुट्टीचं उत्तर, म्हणजे मेल करणाऱ्याला आपोआप जाणारं उत्तर, लावता येतं. "हा पत्ता बंद होत आहे, पैशांचा कोणताही मेल या पत्त्यावरून येणार नाही, सेक्रेटरींना फोन करून खात्री करा." नवीन पत्ता त्यात लिहू नका, चोराला आयता मिळेल. सगळं हलवून झालं, महिनाभर कामाचं काही आलं नाही, की मग बंद. आणि बंद केल्यावर ९० दिवस कोणीही उघडून बघायचं नाही. काका, संकष्टीलासुद्धा नाही.

देशपांडे: तीन संकष्ट्या. ठीक.

कुलकर्णी काकू: कॉमन मीटरचं मी बदलून घेतलं. बारा आकडी ग्राहक क्रमांक माझ्याकडे जुन्या कागदी बिलावर होता. तात्पुरता माझा नंबर आणि पाटलांचा नवा मेल घातलाय. ओटीपी आला. या महिन्याचं बिल भरायची शेवटची तारीख सोमवार आहे, कोणी बघितलं होतं का?

पाटील सेक्रेटरी: 🙏🙏 काकू, बिरनाळे आजच भरतील.

बिरनाळे: आज शनिवार. चेअरमनची सही लागते. ते इचलकरंजीला गेलेत.

मगदूम: सोमवारी जिन्यानं चढा सगळे.

पाटील सेक्रेटरी: सही उद्या घेऊ. उद्या सकाळी दहाला देशपांडे काकांकडे बसू या. मी, चौगुले मॅडम, बिरनाळे. ओंकार फोनवर. काका, चालेल ना?

देशपांडे: चालेल. चहा होईल. लॅपटॉप चार्ज करून आणा, आमच्या हॉलमधला सॉकेट बंद आहे. तीन वेळा तक्रार दिली आहे.

पाटील सेक्रेटरी: काका, तो तुमच्या घरातला आहे. सोसायटी नाही करत.

देशपांडे: तक्रार याहूवर दिली होती. वाचलीच नसेल तुम्ही.