मदत हवी आहे: "समीर" हे नाव अरबी आहे का? नवऱ्याच्या कागदावर "समर" झालंय

ठाणेकर_प्राजक्ता:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल पण घाईत आहे म्हणून इथेच विचारते. नवरा मार्चपासून मस्कतला आहे आणि आता माझ्या फॅमिली व्हिसाचं चाललंय, त्यासाठी मॅरेज सर्टिफिकेटचं अरबी भाषांतर करून घेतलं तिथल्या एका टायपिंग ऑफिसमधून, तर त्याच्या ऑफिसमधला पीआरओ आहे (व्हिसा वगैरे सरकारी कागद बघणारा माणूस), इजिप्तचा, त्याने कागद हातात घेतला आणि हसायलाच लागला, म्हणे हे तर बाईचं नाव लिहिलंय! समीरचं समर झालंय. टायपिंगवाला म्हणतो सेम सेम, नो प्रॉब्लेम. मला तर ती अक्षरं सगळी सारखीच दिसतात, काय सेम आणि काय वेगळं कसं कळणार.

दुसरी भानगड अशी की त्याच पीआरओने नवऱ्याला विचारलं की तुझं नाव तर आमचं आहे, तू मुस्लिम आहेस का. नवरा म्हणाला नाही हो, संस्कृत नाव आहे, समीर म्हणजे वारा. तो म्हणे छे, समीर म्हणजे रात्री गप्पा मारणारा. हे सगळं व्हिडिओ कॉलवर नवरा मला सांगत होता आणि मागे सासूबाई मेथी निवडत बसलेल्या, त्या एकदम म्हणाल्या की वारा म्हणजे वाराच, बारशाला आत्याने कुर्र केलं तेव्हा अर्थ बघूनच केलंय, मारुतीच्या बापाचं नाव आहे ते. मग मेथी तशीच ठेवून आत गेल्या.

तर १) समीर आणि समरमध्ये नक्की फरक काय, कागद बदलून घ्यावा का? २) नाव मुळात कुठलं, आपण त्यांचं घेतलं की त्यांनी आपलं? ३) तिकडे हे नाव कॉमन आहे का? प्लीज जाणकारांनी सांगा.

मस्कतचा_पाटील:
ताई, आधी कागद बदलून घ्या, बाकी गप्पा नंतर. सेम सेम अजिबात नाही. अरबीत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, फक्त दीर्घ लिहितात. समर लिहायला तीन अक्षरं लागतात, सीन, मीम, रा. समीरला चार, सीन, मीम, या, रा. ती मधली "या" म्हणजेच आपली दीर्घ ई, ती खाल्ली की नाव बदललं. आणि समर हे खरंच बायकांचं नाव आहे इकडे, चांगलं कॉमन आहे.

ओळखायचं कसं ते सांगतो. उजवीकडून वाचा. आधी करवतीसारखे तीन दात दिसतील तो सीन, मग छोटी गोल गाठ तो मीम, त्याच्या पुढे एक बारीकसा दात आणि त्या दाताखाली दोन ठिपके दिसले पाहिजेत, मग खाली घसरलेलं शेपूट तो रा. ठिपके नसतील तर समर. व्हॉट्सॅपवर फोटो मागवा आणि झूम करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. इथे रेसिडेंट कार्डावर इंग्रजी आणि अरबी दोन्ही नावं छापतात, एकदा चुकीचं छापलं गेलं की मग निस्तरत बसा, म्हणून आत्ताच.

पेठकर_आजोबा:
तुमच्या सासूबाई शंभर टक्के बरोबर आहेत आणि तो इजिप्तचा माणूसही. सम् अधिक ईर् हा धातू, ईर् म्हणजे हलणे, ढकलणे, पुढे लोटणे. प्रेरणा शब्दात हाच ईर् आहे, प्र लावला की प्रेरणा, सम् लावला की समीर आणि समीरण. वारा सगळं हलवत जातो म्हणून समीर. अरबी समीरचा याच्याशी काडीचा संबंध नाही. कोणी कोणाकडून घेतलेलं नाही, दोन भाषांत दोन वेगळे शब्द तयार झाले आणि योगायोगाने उच्चार एक निघाला. समर पण तसाच बघा, आपल्याकडे युद्ध, त्यांच्याकडे रात्रीच्या गप्पा.

ठाणेकर_प्राजक्ता:
आजोबा खूप आभार, हे सासूबाईंना वाचून दाखवते आत्ताच. पण रात्रीच्या गप्पा म्हणजे काय असतं नक्की? कारण आमचा समीर साडेनऊला घोरायला लागतो 😄

कैरो_रिटर्न:
हा माझा विषय! चार वर्षं कैरोत काढलीयेत, अरबीचा क्लासही केला होता, अर्धा डोक्यावरून गेला पण हे लक्षात आहे. स-म-र या तीन अक्षरांवरून शब्दांचं अख्खं कुटुंब आहे. समर म्हणजे रात्री उशिरापर्यंत बसून मारलेल्या गप्पा, आणि जुन्या कोशांमध्ये चांदण्यातली सावली असाही त्याचा अर्थ देतात, म्हणजे वाळवंटात दिवसभर ऊन, माणसं चांदण्यात बाहेर येऊन बसणार आणि तिथे गोष्टी, कविता, वंशावळी असं सगळं चालणार. त्या बैठकीतला जो सोबती तो समीर. म्हणजे नुसता बडबड्या नव्हे, ज्याच्याबरोबर रात्र सरते तो. अस्मर म्हणजे सावळा, गव्हाळ रंगाचा, तोही याच कुळातला, इजिप्तच्या गाण्यांत अस्मर शब्दाचा नुसता पाऊस असतो. सौदीतल्या नज्द भागात आणि कुवेतकडे सामरी म्हणून गाण्याचा प्रकार आहे, दोन रांगा समोरासमोर बसतात आणि डफ वाजवत गातात, तोही यातूनच आला.

शब्दाचा साचा तर आपल्याला पाठ आहे, फक्त माहीत नाही की पाठ आहे. वकील, गरीब, फकीर, अमीर, हकीम, शरीफ हे सगळे मराठीत आलेले अरबी शब्द एकाच साच्यातले, तीन अक्षरं आणि दुसऱ्यानंतर दीर्घ ई. समीरही त्याच साच्यातला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दिवस आणि रात्र यांना जुन्या अरबीत "समीरची दोन पोरं" म्हणतात. समीरची दोन पोरं गप्पा मारतायत तोवर मी हे करणार नाही, म्हणजे कधीच करणार नाही. आपलं सूर्य-चंद्र असेतो म्हणतो ना, तसं.

कॉमन आहे का, तर भरपूर, पण आमच्या बाबांच्या पिढीत जास्त. विनोदी नट समीर गानिम १९३७ चा, अर्थतज्ज्ञ समीर अमीन १९३१ चा. १९५६ मध्ये कैरोत मुलांचं मासिक, सॉरी साप्ताहिक, निघालं त्याचं नावच समीर, म्हणजे तेव्हा हे घराघरातल्या पोराचं नाव वाटत असणार. मी होतो तेव्हा ऑफिसातले समीर सगळे टकले आणि रिटायरमेंटला आलेले होते, लहान समीर एकही भेटला नाही. तुमच्या नवऱ्याला कोणी अंकल समजलं तर राग मानू नका.

नाझ_दापोली:
मी गंमत सांगते. आमच्या वाडीत दोन समीर, एक माझा मामेभाऊ आणि एक खालच्या आळीतल्या जोश्यांचा. दोघं एकाच क्रिकेट टीममध्ये, एक ओपनिंगला आणि एक विकेटकीपर, वरचा समीर आणि खालचा समीर म्हणूनच सगळे ओळखायचे. अर्थ वेगळे आहेत हे मला आज कळतंय, आम्हाला वाटायचं एकच नाव आहे. मामेभाऊ कुवेतला गेला तेव्हा त्याला काहीच प्रॉब्लेम आला नाही, उलट जोश्यांचा समीर दुबईला गेला तर पहिल्या दिवशी त्याला सलाम करून कुठल्या मशिदीत जातोस विचारलं म्हणे.

आणि ताई, सासूबाईंना सांगा की हे धार्मिक नाव असं काही नाहीये, पैगंबरांचं वगैरे नाही. कुराणात २३व्या सूरेत सामिर असा शब्द येतो पण तो रात्री बसून टवाळी करणाऱ्यांबद्दल आहे, नाव म्हणून नाही.

कैरो_रिटर्न:
नाझ बरोबर. लेबनॉनमध्ये तर ख्रिश्चन समीर कितीतरी, पुढारी समीर जाजा आहे, २००५ मध्ये बैरूतला ज्याला बॉम्बने मारलं तो पत्रकार समीर कसीर पण ख्रिश्चनच. आणि फुटबॉल बघत असाल तर फ्रान्सचा माजी खेळाडू समीर नासरी, घरचे अल्जीरियाचे, आणि स्लोव्हेनियाचा माजी गोलकीपर समीर हंदानोविच. बाल्कनमध्ये, अझरबैजानमध्ये सगळीकडे पोचलंय हे नाव.

अजून एक, सामी वेगळं हं, त्याचा अर्थ उंच, उच्च, समीरचं लाडाचं नाव म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि वाऱ्याची झुळूकच हवी असेल तर अरबीत त्याला नसीम म्हणतात. जाता जाता, इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांमध्ये मीना हे पुरुषाचं नाव असतं, आमच्या मीनामावशीला मी हे सांगितलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.

ठाणेकर_प्राजक्ता:
अपडेट देते. फोटो मागवला, झूम केला, पाटील म्हणाले तसे तीन दात दिसले, गाठ दिसली आणि पुढे एकदम शेपूट. ठिपके नाहीतच! नवरा आज लंच टाइममध्ये परत गेला तिथे, टायपिंगवाल्याने आधी पुन्हा सेम सेम केलं, मग पीआरओने फोनवर त्याला अरबीत काय सुनावलं देव जाणे, अर्ध्या तासात नवीन कागद शिक्क्यासकट मिळाला, पैसे पण घेतले नाहीत. दोन ठिपके आलेत, मी तीनदा मोजले.

सासूबाईंना आजोबांचं सगळं वाचून दाखवलं, प्रेरणावालं त्यांना फार आवडलं, पण कैरोवाल्यांचा निरोप म्हणजे टकले समीर वगैरे मी गाळला.

आता शेवटचा प्रश्न, मग गप्प बसते. नवीन कागदावर नवऱ्याने माझं नाव वाचून घेतलं पीआरओकडून, तर त्याने "ब्राजक्ता" वाचलं. हे पण चुकलंय का?

मस्कतचा_पाटील:
नाही ताई, चालतं. अरबीत प नाहीच, सगळीकडे ब च लिहितात. मी अकरा वर्षं इथे "बाटील" आहे.