मदत हवी आहे: किल्ल्यातल्या हॉटेलात जेवायला जॅकेट लागतंच का? (तातडीचं)

काडेपेटी: शुक्रवारी निघतोय. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून आयर्लंडमध्ये किल्ल्यातल्या हॉटेलात दोन रात्री घेतल्यात. आज मेल आला: रात्रीच्या जेवणाला पुरुषांना जॅकेट सक्तीचं, आणि टेबल फक्त ९:१५ चं शिल्लक. बाबा साडेआठला झोपतात. काय करू?

पावटा: किल्ला कुठला?

टकमक_टोक: अ‍ॅशफर्ड असेल तर मजा आहे राव. मूळ १२२८ चा, लॉफ कॉरिब तळ्याच्या काठावर. १८५२ मध्ये गिनेसनी घेतला (तेच, बिअरवाले), १९३९ पासून हॉटेल. तिथे हॅरिस हॉक (पाळलेला शिकारी पक्षी) हातावर घेऊन रानात फिरता येतं. हातमोज्यात मांसाचा तुकडा धरला की कुठूनसा अलगद येऊन बसतो. पंखांचा आवाजही नाही!

काडेपेटी: अ‍ॅशफर्ड नाही हो, तेवढे पैसे कुठले. क्लेअर काउंटीत आहे, छोटासा. प्रश्न जॅकेटचा आहे.

दूरदेशी: व्हिसा आयर्लंडचाच काढलाय ना? यूकेच्या व्हिजिट व्हिसावर जाणार असाल तर त्यावर बीआयव्हीएस (म्हणजे ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) लिहिलेलं लागतं, आणि आधी यूकेत उतरावं लागतं.

काडेपेटी: व्हिसा आहे. जॅकेट!!

माळावरचा: स्पेनला जायचंत. पॅरादोर म्हणजे सरकारी हॉटेलं, १९२८ पासूनची. कार्दोनाचा किल्ला नवव्या शतकातला.

पावटा: आणि स्पेनमध्ये रात्रीचं जेवण साडेआठच्या आत मिळणार? बाबांचं वाचलंत का?

टकमक_टोक: खोली बुरुजात नाही ना? गोल जिने असतात, गुडघ्यांची वाट. वर चढणाऱ्या शत्रूचा तलवारीचा हात मधल्या खांबाला अडावा म्हणून मुद्दाम उजवीकडे वळवलेले.

पावटा: दंतकथा. वेल्समध्ये कार्नार्वनला उलट वळणारेही आहेत.

टकमक_टोक: वेल्सचं इथे काय?

गोधडी: अहो, बाजूला व्हा जरा. काडेपेटी, अशाच एका ठिकाणी आमच्या यांच्याकडे जॅकेट नव्हतं. रिसेप्शनवालीने कपाटातून एक निळं काढून दिलं, बाह्या थेट बोटांपर्यंत. सूप पिताना दरवेळी डावी बाही वर सारत होते. तेव्हा मेल नको, फोन करा. बारमध्ये लवकर जेवता येतं का विचारा, तिथे सहसा जॅकेटची सक्ती नसते. गावातल्या पबच्या भरवशावर राहू नका, किचन नऊच्या सुमारास बंद होतं आणि रात्री टॅक्सी मिळायची मारामार. दरात जेवण धरलेलं असेल तर बारचं बिल त्यात वळतं करतात का, तेही विचारून घ्या.

काडेपेटी: केला फोन. बारमध्ये ६:३० ला, बिल वळतं करतील. पण आई म्हणते, एवढ्या लांब जायचं तर शेकोटीच्या हॉलमध्येच बसणार, बाबांना दुपारी झोपवू. आता ४२ साइझचं जॅकेट उद्यापर्यंत कुठे मिळेल?

पावटा: कुठल्या गावात राहता?