विशेष मुलांच्या शाळेसाठी पोर्टा केबिनचे वर्ग: कोणी केलेत का?

शाळेची_ताई (धायरी)
नमस्कार. आमची छोटी विशेष शाळा भाड्याच्या बंगल्यात भरते आणि मालकांना आता तिथे बिल्डिंग बांधायची आहे. नऱ्हे भागात एका पालकांनी प्लॉट देऊ केलाय, पण पाच वर्षांच्या करारावर. म्हणजे पुढे उचलून नेता येईल असंच काहीतरी हवं. कोटेशनं आलीत. एका महाशयांनी साइट ऑफिसचाच नकाशा पाठवलाय, 'मॅनेजर केबिन' आणि 'पँट्री' खोडायचेही कष्ट घेतलेले नाहीत.
मुलं बहुतेक ऑटिझमची, काही सेरेब्रल पाल्सीची, व्हीलचेअरवर. पाऊस जोरात वाजायला लागला की कान दाबून टेबलाखाली जाणारा एक मुलगा आहे. पत्र्याखाली जून ते सप्टेंबर त्याचं काय करायचं? सगळे म्हणतात, "मॅडम, पफ पॅनेल आहे, काळजी नको." खरंच नको का?

पत्रावाला_भोसरी
ताई, काळजी करा. माझा हाच धंदा आहे म्हणून सांगतो. पफ ऊन अडवतं, आवाज नाही. आवाज अडवायला वजन लागतं, आणि पफ म्हणजे दोन पातळ पत्र्यांत भरलेला फेस. छताला रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, भरलेलं पॅनेल मागा आणि आतून जिप्समचं फॉल्स सीलिंग करा, त्यावर पुन्हा रॉकवूल अंथरून. सीलिंग थेट पत्र्याला ठोकू देऊ नका, रबर लावलेल्या हँगरवर लोंबतं ठेवा. नाहीतर आवाज स्क्रूवाटे आत येतोच. वजन वाढतं, तेव्हा फ्रेम त्या हिशोबाची हवी. शिवाय रॉकवूल पेटत नाही. थर्माकोल भरलेलं पॅनेल स्वस्तात देतील, शाळेला ते फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तयार खोकं घेऊच नका. केबिन ब्लॉकवर ठेवली की आतली जमीन सहज दीड फूट वर जाते. रॅम्पचा उतार 1:12 धरला तर दीड फुटाला 18 फूट लांबी, वरखालची सपाट जागा वेगळी. प्रत्येक वर्गापुढे एवढी जागा कुठून आणणार? आणि फ्रेमवर 18 मिमीचा सिमेंट बोर्ड टाकलेली जमीन पोकळ असते, मूल उड्या मारायला लागलं की शेजारच्या वर्गापर्यंत धबधब. तुमच्याकडे उड्या मारणारी असणारच!
त्यापेक्षा, प्लॉटवर पाणी तुंबत नसेल तर सहा इंच उंचीचा काँक्रीटचा कोबा घाला आणि त्यावर पॅनेलच्या भिंती बोल्टने उभ्या करा. रॅम्प सहा फुटांत आटोपतो. पाच वर्षांनी भिंती-छत उघडून न्या. कोबा मागे राहील, त्या पालकांना पार्किंग होईल. सुटी पॅनेल टेम्पोतून येतात. अख्खी केबिन ट्रेलरवरून आणून हायड्रा क्रेनने उतरवायची तर आधी गल्लीतल्या वायरी बघून या.

ओटी_कोथरूड
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणून दादांच्या बोलण्यात एक भर. पावसाइतकाच त्रास आतल्या घुमण्याचा होतो. इंग्लंडमध्ये मॉड्युलर वर्ग नेहमीचेच; तिथल्या शाळांमधल्या आवाजाच्या बीबी 93 मानकात नव्या प्राथमिक वर्गात आवाज विरायला 0.6 सेकंद चालतात, ऐकण्या-बोलण्याच्या विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी मात्र 0.4 च. पत्र्याच्या उघड्या भिंतींत हे होणं कठीण. भिंतीच्या वरच्या अर्ध्या भागात मऊ अकूस्टिक पॅनेल लावा. खाली नको, आमच्याकडची काही मुलं ती ओरबाडून तोंडात घालतात. आणि एसी बसवणार असाल तर बाहेरचं युनिट जमिनीवर ठेवा. पत्र्याच्या भिंतीला टांगलंत की अख्खी भिंत गुरगुरते, आणि ते आपल्याला जाणवायच्या आधी मुलांना जाणवतं.

निवृत्त_ओव्हरसियर
'तात्पुरतं आहे, परवानगी लागत नाही' असं विक्रेता सांगेल. लागते, ऑर्डर देण्याआधी अर्ज करा. दाराची मोकळी रुंदी 900 मिमी, टॉयलेटमध्ये खुर्ची वळायला 1500 मिमी. साइट ऑफिसच्या नकाशात दोन्ही बसत नाही. प्रत्येक वर्गाला बाहेर उघडणारी दोन दारं हवीतच. 2004 साली कुंभकोणमच्या शाळेला आग लागून 94 मुलं गेली, ते मी विसरलेलो नाही. पळून जाणारी मुलं असतील तर कडी कंपाउंडच्या फाटकाला, वर्गाच्या दाराला नाही. सगळा सांगाडा लोखंडी आहे, तेव्हा अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) कोटेशनमध्येच लिहून घ्या.

शाळेची_ताई (धायरी)
सगळ्यांचे आभार. कोब्याचं पालकांशी आजच बोलते. पत्रावाले दादा, रॉकवूल भिजलं तर? जोडांतून पाणी येतंच ना?

पत्रावाला_भोसरी
येतं. भिजलं की खाली बसतं आणि कामातून जातं. म्हणून वर पन्हळी पत्र्याचं दुसरं छप्पर, मध्ये फूटभर हवा खेळती, कडेने दोन फूट बाहेर काढलेलं. एप्रिलच्या उन्हालाही तेच उपयोगी पडेल. नकाशा इथे टाका, फ्रेमचे माप बघून सांगतो.