लोकवर्गणीचे पैसे डिजिटल फळ्यावर खर्च करावेत की मुलांच्या वाचनावर? (खटाव तालुका, जि. सातारा)

प्रश्न : समिती_सदस्य_खटाव

नमस्कार. मी खटाव तालुक्यातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य आहे. आमच्या शाळेत पहिली ते पाचवीचे 43 विद्यार्थी असून शिक्षकांची दोन पदे मंजूर आहेत. त्यांपैकी एक पद बदल्यांनंतर रिक्त आहे. पाचही वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन प्रणालीत भरायची माहिती आणि वरचेवर मागवले जाणारे ऑनलाइन अहवाल हे सर्व एकट्या मुख्याध्यापिका बाईंना सांभाळावे लागते. गावच्या यात्रेला आलेल्या मुंबईकर मंडळींनी, ज्यांत बहुतेक माथाडी कामगार आहेत, शाळेसाठी सुमारे दीड लाख रुपयांची वर्गणी जमवून दिली आहे.

या पैशांच्या विनियोगावरून समितीत दोन मते आहेत. डिजिटल फळा बसवून आणि भिंती रंगवून घेतल्यास सकाळी गावात येणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडीत बसणारी मुले परत येतील, असे काहींना वाटते. मला मात्र वेगळी चिंता आहे. आमच्या तिसरी-चौथीतील बऱ्याच मुलांना जोडाक्षरे असलेला परिच्छेद सलग वाचता येत नाही आणि हातच्याची वजाबाकी जमत नाही. पैसा कोठे घातला म्हणजे मुलांच्या शिकण्यात खरोखर फरक पडतो, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त_केंद्रप्रमुख_तासगाव

आपण विचारलेला प्रश्न प्रत्येक समितीने विचारावा असा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम शासनाचा पैसा आणि गावाचा पैसा यांचा हिशेब मनात वेगळा ठेवावा. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला दरवर्षी जे संयुक्त शाळा अनुदान मिळते, ते पटावर ठरते. तीसपर्यंत पट असल्यास 10,000 रुपये आणि त्यापुढे शंभरापर्यंत 25,000 रुपये, म्हणजे आपली शाळा 25,000 रुपयांच्या गटात येते. त्यातील किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते आणि उरलेल्या रकमेत किरकोळ दुरुस्ती, वीजबिल, स्टेशनरी व शैक्षणिक साहित्य भागवावे लागते. मानधन यातून देता येत नाही. त्यातच ही रक्कम पुष्कळदा आर्थिक वर्ष संपत आले असताना खात्यावर येते आणि मग मार्चअखेर घाईने, जे बाजारात तयार मिळेल ते घेतले जाते. लोकवर्गणीला असे बंधन नसते, आणि म्हणूनच ती ज्या कामासाठी शासनाकडे खर्चाचे शीर्षच (म्हणजे वेगळी तरतूदच) नाही अशा कामाला वापरावी, असे माझे ठाम मत आहे.

आता मुख्य मुद्दा. एकाच वर्गात बसणारी मुले एकाच पातळीवर नसतात आणि पाठ्यपुस्तक मात्र सर्वांसाठी एकच गृहीत धरून पुढे सरकते. दुसरीत जे मूल अक्षरांपाशी अडले, ते चौथीत परिसर अभ्यासाचा धडा केवळ ऐकते. त्यामुळे पैसे काढण्याआधी प्रत्येक मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, सोपे वाक्य, परिच्छेद आणि गोष्ट या क्रमाने वाचायला लावावे व ते जिथे थांबते तिथे त्याच्या नावापुढे नोंद करावी. हे काम समितीच्या पालक सदस्यांनी बाईंच्या मदतीने करावे. त्यानंतर रोज एक ते दीड तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट बसवावेत. या पद्धतीचा परिणाम मोजून पाहिलेला आहे. 2000 नंतरच्या दशकात मुंबई व बडोद्यातील महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी स्थानिक तरुणी नेमल्या, त्यांना बालसखी म्हणत. या प्रयोगाने मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला. पुढे उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात असे दिसले की गावसभा घेऊन लोकांना समितीच्या अधिकारांची माहिती दिल्याने शाळेत काहीच बदलले नाही. मात्र गावातील स्वयंसेवकांनी चालवलेल्या वाचनवर्गांना जी मुले नियमित गेली, ती वाचू लागली. आपल्यासारख्या समित्यांनी यातून घ्यायचे ते एवढेच की ठरावांची संख्या वाढवण्यापेक्षा वाचनाचा तास रोज भरतो की नाही हे पाहावे.

डिजिटल फळ्याला माझा तात्त्विक विरोध नाही. परंतु एका शिक्षिकेच्या शाळेत तो चालवणार कोण, वीजबिल कोणत्या पैशांतून भरणार आणि बिघडल्यावर दुरुस्तीला माणूस वडूजहून येणार की साताऱ्याहून, याची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत. मी तपासणीला गेलो असता कपाटात कुलूपबंद असलेले संच अनेक शाळांत पाहिले आहेत. आपल्या भागाला लोकवर्गणीचा वारसा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यास आणली, तेव्हा लोकांनी दिलेले धान्य व पैसा प्रामुख्याने वसतिगृहांत गेला, कारण मूल शिक्षणात टिकवणे ही त्या वेळची खरी अडचण होती. आज मुले पटावर आहेत, पण वाचनात मागे आहेत. पैसा तिकडेच वळवावा.

उत्तर : शिक्षिका_जत

केंद्रप्रमुख सरांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र एका बाबतीत सावध करू इच्छिते. गावाने स्वतःच्या खर्चाने एखादी मुलगी शिकवायला ठेवली की वरिष्ठ कार्यालयाला ती शाळा सुरळीत चालू असल्याचे दिसते आणि रिक्त पदाची मागणी हळूहळू मागे पडते. असे होताना मी जवळून पाहिले आहे, आणि नुकसान त्या मुलांचेच झाले. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळालेच पाहिजेत, आणि कलम 26 प्रमाणे शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नयेत. आपल्याकडे ती निम्मी आहेत. तोंडी विनंती पुरे. कलम 32 खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करावी. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय देणे बंधनकारक आहे आणि निर्णय मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

गावातील मुलगी नेमायचीच असेल, तर ती केवळ वाचनाच्या तासासाठी आणि शिक्षिकेच्या मदतीला असावी. वर्ग तिच्या हाती देऊ नये, कारण कायद्याने वर्गशिक्षक पात्रताधारकच असावा लागतो.

आमच्या भागातील दोन अनुभव आपल्या उपयोगी पडतील. पहिला भाषेचा. जत तालुक्यात अनेक मुलांची घरची भाषा कन्नड असते आणि ज्या मुलाला आपण वाचनात मागे समजतो, ते कधी कधी फक्त मराठी शब्दांत मागे असते. वाचून दाखवलेली गोष्ट त्याला स्वतःच्या भाषेत सांगता आली, तर अडचण समजण्याची नाही हे लगेच कळते. आपल्या वाडीवरही मेंढपाळांची किंवा बाहेरून आलेल्या मजुरांची मुले असतील, तर हे तपासावे. दुसरा अनुभव गैरहजेरीचा. दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबे गेली की मुले जातात आणि परत आल्यावर वर्ग कितीतरी पुढे गेलेला असतो. आजी-आजोबांकडे मूल ठेवून घेण्यासाठी समितीने घरोघर जाऊन बोलणे, याला पैसे लागत नाहीत, पण त्याचा परिणाम फळ्यापेक्षा अधिक होतो, हे मी खात्रीने सांगते.

वर्गणीतून पुस्तके अवश्य घ्यावीत. पाठ्यपुस्तके नव्हेत, तर मोठ्या अक्षरांची, चित्रांची, मुलांना घरी नेता येतील अशी गोष्टींची पुस्तके घ्यावीत आणि ती कपाटात नव्हे, दोरीवर टांगलेली असावीत.

उत्तर : ग्रामपंचायत_सदस्य_वाळवा

एक छोटी पण महत्त्वाची सूचना. शौचालय, हात धुण्याची जागा किंवा पिण्याच्या पाण्याची टाकी यांवर लोकवर्गणीचा एक रुपयाही घालू नये. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतीच्या अनुदानातील 60 टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठीच बंधित ठेवला होता. आपल्या ग्रामपंचायतीकडे त्यातील अखर्चित शिल्लक आहे का, हे ग्रामसेवकांकडे विचारावे आणि शाळेचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेण्याचा विषय ग्रामसभेत मांडावा. वर्गखोली दुरुस्तीसाठी जिल्हा वार्षिक योजनेचा मार्ग आहे.

प्रश्नकर्ता : समिती_सदस्य_खटाव

सर्वांचे मनापासून आभार. आमच्याच वाडीत डी.एड. झालेली एक सून आहे आणि ती वाचनाचा तास घेण्यास तयार आहे. तिला लोकवर्गणीतून मानधन देण्याचा ठराव कसा लिहावा, म्हणजे ताईंनी सांगितलेला धोका टळेल?

उत्तर : निवृत्त_केंद्रप्रमुख_तासगाव

ताईंनी दाखवलेला धोका खरा आहे, त्यामुळे एकाच सभेत दोन स्वतंत्र ठराव करावेत. पहिल्या ठरावात रिक्त पद, पट आणि कलम 26 यांचा उल्लेख करून पद तातडीने भरण्याची मागणी असावी. त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी व प्राथमिक शिक्षणाधिकारी यांना पोचपावतीसह द्यावी. दुसऱ्या ठरावात सूनबाईंची मदत ही रोजच्या वाचनतासापुरती, एका शैक्षणिक वर्षापुरती आणि मंजूर पदाच्या बदल्यात नाही, असे शब्द स्पष्ट घालावेत. मानधन लोकवर्गणीच्या स्वतंत्र नोंदवहीतून द्यावे. शासकीय अनुदानाच्या खात्याशी त्याचा संबंध येऊ देऊ नये.

याशिवाय कलम 22 खालील शाळा विकास आराखडा समितीने स्वतः बसून लिहावा. अनुदानाचा आधार हाच आराखडा असावा असे कायदाच सांगतो, तरीही बहुतेक ठिकाणी तो मागच्या वर्षीच्या कागदावरून उतरवला जातो. त्यात मुलांच्या वाचनपातळीचा तक्ता जोडावा. दिवाळीपूर्वी आणि परीक्षेपूर्वी तीच चाचणी पुन्हा घेऊन वर्गणी देणाऱ्या मुंबईकर मंडळींना पुढच्या यात्रेत तो तक्ता दाखवावा. सूनबाईंना तास सुरू करण्याआधी प्रशिक्षण हवे असेल, तर फलटण येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे आपल्या केंद्रप्रमुखांमार्फत पत्र द्यावे.